उजव्या हाताची करंगळी

२० ऑक्टोबर, शनिवार

माझं आयुष्य आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बदललं. तलावामागच्या सामानाच्या खोलीत, टोप्यांच्या पेटीवर बसलो असताना. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. मागून कुणी म्हणायला नको की मी मनाने रचलं.

सकाळ वाईट गेली होती. आमच्याकडे कॅलेंडरात रोज कुणाचं तरी नाव असतं; आज वेंदेल, म्हणजे माझ्या नावाचा दिवस. आईने खसखशीची गुंडाळी भाजली होती. बाबांनी दोन तुकडे खाल्ले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कॉलेज सोडून आलेल्यांचाही नावाचा दिवस असतो म्हणायचं." मी ताटली ढकलली ती फुटलीच. बुडापेस्टला तीन सत्रं विजेचं शिक्षण घेतलं, चौथ्यात सोडलं. खोलीतल्या एकाने भिंतीवरच्या शारीच्या फोटोबद्दल घाण शब्द काढला, मी त्याचा दात पाडला, वसतिगृहाने मला काढलं. कॉलेजने काढलं नाही, ते मी सोडलं. हा फरक बाबांच्या डोक्यात शिरत नाही.

आता गावच्या पोहण्याच्या तलावावर कामाला आहे. पाण्यात गोलच्या जाळ्या सोडायच्या, चेंडूंत हवा भरायची, टोप्या वाळवायच्या. बायकांच्या वॉटर पोलो संघाचं सगळं सामान माझ्या ताब्यात.

शारी म्हणजे लादान्यी शारोल्ता, आमच्यात आडनाव आधी. देशाच्या संघातली. डावखुरी. उजव्या कोपऱ्यातून तिचा डावा हात पाण्यावर उठला की अख्खं गाव बाकांवर उभं राहतं. सातवीपर्यंत आम्ही शेजारी शेजारी पोहायचो. मग ती पुढे गेली, आणि मला रागीटपणापायी पोरांच्या संघातून काढलं.

तर चार दहाला ती आत आली आणि दार लावलं. अंगावर टॉवेलचा झगा, केस ओले. माझ्या हातात नेलकटर ठेवला आणि उजवा हात पुढे केला.

"काप."

"मी?"

"तूच. डाव्या हाताची मी कापलीत. ही तू काप."

मॅचआधी पंच सगळ्यांची नखं बघतात. ओरखडा निघेल असं एकही नख असलं तर पाण्यात उतरता येत नाही. पण आजवर तिने कुणाला हात दिला नव्हता.

"का पण?"

"शकुन म्हणून. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस की शकुन गेला."

पाच वेळा टक्. करंगळी शेवटी. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला श्वास कुठून घ्यायचा ते आठवेना.

डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताची नखं कापायला काही अडचण नसते. म्हणजे गरज नव्हती. गरज नसताना माणूस हात कुणाच्या हातात देतो?

चार गोल केले तिने. आम्ही जिंकलो.

१ नोव्हेंबर

आज गेलेल्यांची आठवण करायचा दिवस, संध्याकाळी स्मशानात सगळं गाव. शेवंतीचे ढीग, मेणबत्त्या. शारी आणि तिची आई पिरोश्काकाकू शारीच्या बाबांच्या कबरीपाशी उभ्या होत्या. शारीने काडी ओढली, मोडली. दुसरी मोडली. तिसरी हातातून पडली.

"वारा आहे," ती म्हणाली आणि काडेपेटी माझ्याकडे दिली.

वारा अजिबात नव्हता. धूर सरळ वर जात होता. मी मेणबत्ती लावली. लादान्यींच्या कबरीवर माझ्या हाताने. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस रे वेंदेल." घरचं माणूस करतं ते काम तिने मला करू दिलं, निमित्त काढून. मी इतका मूर्ख नाही की हे कळू नये.

१७ नोव्हेंबर

सहावी मॅच, सहाव्यांदा नखं. आता ती बोलतसुद्धा नाही, आत येते आणि हात पुढे करते. गोलकीपर नेल्लीला संशय आलाय. मला बघितलं की ओरडते, "आला आमचा न्हावी. माझी दाढी कधी करतोस?" मी तिच्या अंगावर ओली टोपी फेकली. सगळ्या हसल्या. शारी हसली नाही. झगा घट्ट ओढून बसून राहिली.

बसथांब्यावर तिचा मोठा फोटो लागलाय. आत चक्का भरलेल्या चॉकलेटकांडीची जाहिरात. कांडी उजव्या हातात. नेल्ली म्हणाली, "अगं, सगळ्या देशाला तुझा डावा हात माहीत, आणि फोटोत तो पाठीमागे?" शारी म्हणाली, "फोटोवाल्याला तसंच हवं होतं."

२४ नोव्हेंबर

पोरीबाळींची पत्रं पोत्याने येतात आता. प्रत्येकीला फोटोकार्डावर सही हवी. आज शारीने खोकंच माझ्यापुढे ठेवलं.

"माझी सही तुला येते?"

येते का? नववीपासून वह्यांच्या मागे तेच तर गिरवलंय. पण तोंडावर म्हणालो, "प्रयत्न करतो."

एक करून दाखवली. तिने बराच वेळ बघितली. "माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाली आणि खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "सगळ्याच कर. मला वेळ होत नाही."

आमच्याकडे लग्न झालं की बाई नवऱ्याचं नाव जसंच्या तसं लावते, शेवटाला एक शेपूट जोडून. माझं उलटंच. लग्न नाही, काही नाही, आणि दिवसाला चाळीसदा तिचं नाव मी लिहितोय. आईने विचारलं, एवढा का हसतोयस. सांगितलं नाही.

८ डिसेंबर

आज जे झालं ते गावात वर्षभर सांगतील. शेवटचं मिनिट, बरोबरी, चेंडू शारीकडे. सगळ्या डाव्या हातावर धावल्या. तिने चेंडू उजव्या हातात घेतला आणि मारला. गोल. ओट्टोकाका, आमचे प्रशिक्षक, त्यांना पोरींनी कपड्यांसकट पाण्यात टाकलं. थंडीत गरम पाण्याची वाफ इतकी की बाकांवरून पाणीच दिसत नव्हतं, नुसता आरडाओरडा.

ओट्टोकाका दात वाजवत म्हणाले, "हे कधी शिकलीस ग?"

"घरी," ती म्हणाली.

पेपरात आलंय: लादान्यी आता परिपक्व झाली, स्वतः गोल करायच्या मागे लागत नाही, दुसऱ्यांना करू देते. खरं आहे. गेल्या महिनाभरात डाव्या हाताचे दोनच गोल. बाकी सगळे पास. मोठं मन लागतं त्याला.

मॅचनंतर बाटलीचं झाकण मला उघडायला दिलं. आता छोट्या छोट्या गोष्टींतही माझ्यावाचून तिचं अडतं.

२५ डिसेंबर

काही नाही. बाबा बोलले नाहीत, मी बोललो नाही. माशाचं सूप गार झालं.

१२ जानेवारी

नेल्लीने सांगितलं. शारीने नाही, नेल्लीने. अथेन्सच्या क्लबला शारी हवीय. सोळा फेब्रुवारीला त्यांची माणसं बघायला येणार, देशाच्या संघाचे प्रशिक्षकही त्याच दिवशी. सगळं ठीक झालं तर उन्हाळ्यात ती गेली.

मी हवेच्या पंपाला लाथ मारली. नळी तुटली. ओट्टोकाका आले, पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पोरा, याने तुझं काय केलंय?"

"पडला."

"उडून पडला वाटतं."

संध्याकाळी शारीला विचारलं, "जाणार?"

"बोलावलं तर."

"आणि नखं कोण कापणार तिथं?"

ती हसेल असं वाटलं होतं. तिने डोळे पुसले आणि निघून गेली. रडली म्हणजे जायचं नाहीय तिला. मग जातेय कशाला? मला हे कोडं सुटत नाही, आणि न सुटलेलं कोडं मी भिंतीवर फेकून मारणाऱ्यातला आहे.

३० जानेवारी, बुधवार

कोटही न काढता लिहितोय.

बुधवारी ती सराव बुडवते. आईचं काम आहे म्हणते. आज आगगाडीत तिच्या मागच्या डब्यात चढलो. सेगेद शहरात उतरली, ट्रामने गेली, मागोमाग मी. एका मिठाईच्या दुकानात शिरली. आत एक माणूस बसला होता. दाढीवाला, पस्तिशीचा, चांगला कोट. मी रस्त्यापलीकडे फुलवाल्याच्या आडोशाला.

त्याने टेबलावर तिचा डावा हात हातात घेतला. तिने डोळे मिटले. मग तो तिच्या बोटांच्या टोकांना, एकेका बोटाला, दात कोरायच्या काडीने हलकेच टोचत होता, आणि ती डोळे मिटून काहीतरी सांगत होती. तो पुन्हा टोचायचा, ती मान हलवायची. नाही. नाही. नाही. असला खेळ. भर दुकानात.

मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती रडली.

मला उजवा हात दिलास, शारी. डावा त्याच्यासाठी ठेवलास.

२ फेब्रुवारी

मॅच. नखं कापली, तिच्याकडे बघितलं नाही. "बरं नाही का तुला?" तिने विचारलं. "मला काय धाड भरलीय," मी म्हणालो.

शून्य गोल. बाकांवरून तरी टाळ्या. तिने नुसतं पाण्यात पाय हलवले तरी टाळ्या मिळतील आता.

१५ फेब्रुवारी

ठरवलंय. उद्या चारच नखं कापायची. पंच तिला रांगेतून मागे पाठवतील, ती मला शोधत येईल, आणि तेव्हा विचारणार: तो कोण? सांगितल्याशिवाय पाचवं कापणार नाही. एवढंच. दोन मिनिटांचं काम. तिचं काही बिघडणार नाही. इतक्या महिन्यांत मी तिच्याकडे काही मागितलं नाही, दोन मिनिटं मागण्याचा हक्क आहे मला.

१७ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही.

ती चार दहाला आली. हात पुढे केला. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. करंगळी सोडली. नेलकटर मिटून तिच्या झग्याच्या खिशात घातला आणि म्हणालो, "झालं." ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग गेली.

मी पंपाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. फटीतून तलाव दिसतो. बाकं भरलेली, अथेन्सची तीन माणसं, देशाचे प्रशिक्षक. पोरी रांगेत, हात पुढे. पंचबाई एकेकीच्या बोटांवरून आपलं बोट फिरवत चाललेल्या. शारीपाशी थांबल्या.

"करंगळी. कापून ये."

नेल्ली हाका मारायला लागली. "वेंदेल! न्हावी कुठे मेला?"

मी जायचं होतं. तेव्हाच जायचं होतं. पण म्हटलं, थांबू दे तिला थोडं, मी इतके दिवस थांबलोय. शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं. हे कुणाला सांगितलेलं नाही. पंपाला टेकून मी शंभरपर्यंत मोजत होतो.

साठाच्या आसपास नेल्ली म्हणाली, "अगं, एक नख आहे, तूच काप ना. झग्याच्या खिशात दिसतोय तो काय."

शारीने नेलकटर डाव्या हातात घेतला. पडला. उचलला. करंगळीवर धरला आणि दाबायला लागली. काही होईना. पुन्हा पडला. आता बाकांवरचे हसले, त्यांना वाटलं ती घाबरलीय. तिसऱ्यांदा तो घरंगळत पाण्यात गेला.

ओट्टोकाका उठले. तिच्यासमोर गेले, आपली दोन बोटं तिच्या डाव्या मुठीत दिली.

"दाब."

तिने बोटं मिटली.

"जोरात दाब, शारी."

"जोरातच दाबतेय, काका."

ते मला पंपाच्या खोलीत ऐकू आलं, इतकी शांतता झाली होती.

काकांनी तिच्या खांद्याभोवती टॉवेल टाकला आणि तिला आत नेलं. देशाचे प्रशिक्षकही उठून मागे गेले. मी शंभरला पोचलो तेव्हा तिची जागा रिकामी होती, आणि पोरी पाण्यात उतरत होत्या.

२१ फेब्रुवारी

सगळ्यांना कळलंय. गळ्याच्या हाडाखाली शिरा दबल्यात. वर्षानुवर्षं चेंडू फेकून फेकून झालं म्हणतात. हाताची बोटं ऑगस्टपासून बधिर होत होती. हाताला जोर राहिला नव्हता म्हणून काडी मोडायची. म्हणून सह्या मी. म्हणून झाकण, म्हणून नखं. मागची पानं वाचली. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, तारखांसकट, आणि मला एक अक्षर कळलेलं नाही.

आज आईबरोबर सेगेदच्या इस्पितळात गेलो. व्हरांड्यात तो दाढीवाला. पांढरा कोट. पिरोश्काकाकू त्याला म्हणत होत्या, "डॉक्टर, तुम्ही नोव्हेंबरातच खेळ थांबवायला सांगितलं होतंत ना तिला?" तो म्हणाला, "सांगितलं होतं. इस्पितळात यायला तयार नव्हती, कुणीतरी ओळखेल म्हणायची. शेवटी मीच मिठाईच्या दुकानात भेटायला लागलो. म्हटलं, निदान भेटते तरी."

मी आत गेलो नाही. आईला म्हणालो, तू जा, मी खाली थांबतो. 

२८ फेब्रुवारी

शारीचं ऑपरेशन झालं. दबलेल्या शिरा मोकळ्या करायला एक बरगडी काढली.

आज तलावावर ओट्टोकाकांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझ्या विसरण्याने झालं ते एका अर्थी बरंच झालं, पोरा. आणखी दोन महिने खेळली असती तर हात पूर्ण गेला असता."

विसरण्याने. सगळ्यांना वाटतंय मी विसरलो. नेल्ली चिडवतसुद्धा नाही आता. काकांना सांगायला तोंड उघडलं आणि चेंडूंचं काहीतरी बोललो. दात पाडायला क्षण लागला नव्हता मला. इथं एक वाक्य निघत नाही.

१५ मार्च

राष्ट्रीय सण, सगळीकडे झेंडे, छातीवर फिती. बसथांब्यावर नवा फोटो. कुणीतरी धावणारा पोरगा, तीच कांडी.

पत्रं अजून येतात. एका आठ वर्षांच्या मुलीने लिहिलंय, मीपण डावखुरी आहे, मीपण मोठी झाल्यावर संघात येणार. कार्ड घेतलं, पेन घेतलं, लादान्यीचा ल काढला आणि पुढे हात चालेना.

२४ मार्च

डॉक्टर म्हणाले, कप धरता येईल, चमचा धरता येईल, हळूहळू कदाचित लिहिताही येईल. चेंडू नाही. काकूंनी आईला सांगितलं, आईने मला. भांडी घासता घासता, पाठ करून सांगितलं.

अथेन्सच्या क्लबने फुलं पाठवलीत म्हणे.

३० मार्च, शनिवार

आज गेलो. पत्रांचं खोकं काखेत. दार पिरोश्काकाकूंनी उघडलं. "ये, ती बसलीय आत," म्हणाल्या आणि 'पोगाच्या' नावाची खारी बिस्किटं तापवायला स्वयंपाकघरात गेल्या. इतकं सगळं झाल्यावर काकू माझ्यासाठी बिस्किटं तापवत होत्या.

शारी खिडकीशी. डावा हात मांडीवरच्या उशीवर. त्या हाताची पाचही नखं वाढवलेली, लाल रंगवलेली, एकदम नीट. उजव्या हाताची कोरी. मला कळायला वेळ लागला नाही. आता मला सगळं लगेच कळतं.

"नखं वाढवलीस," मी म्हणालो.

"आता कोण बघायला येणार आहे?"

"उजव्या हाताला मी लावून देऊ?"

"नको. आई लावेल."

खोकं खाली ठेवलं. येताना सायकलवर वाक्य पाठ केलं होतं, तेच म्हणालो. "ती करंगळी मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सोडली होती."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे."

"कसं?"

"मी दरवेळी मोजायचे. त्या दिवशी चारच आवाज झाले."

स्वयंपाकघरात काकूंनी भट्टीचं दार उघडलं. गरम पिठाचा वास आला.

"मग बोलली का नाहीस? तिथंच, तेव्हाच?"

"तुझा चेहरा बघितला. वाटलं, विचारलं तर तू काहीतरी विचारशील. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता, वेंदेल." मग बोटांकडे बघत म्हणाली, "आणि वाटलं, चिडलाय, येईल परत. तू चिडतोस आणि परत येतोस, लहानपणापासून. म्हणून तर तुलाच हात दिला. रांगेत मी दाराकडेच बघत होते."

मी त्या वेळी मोजत होतो. ते तिला सांगितलं. शंभरपर्यंत मोजत होतो म्हणून सांगितलं. 

"कितीवर होतास," तिने विचारलं, "नेलकटर पाण्यात पडला तेव्हा?"

"ऐंशी. ब्याऐंशी."

तिने मान हलवली, जणू तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"ही कार्डं," मी म्हणालो. "सह्या राहिल्यात."

"कोरीच पाठव."

काकू ताटली घेऊन आल्या. "घे रे, गरम आहेत." मी एक उचललं, खाता येईना, तसंच मुठीत धरलं. शारीने उजवा हात उशीखाली सरकवला. मला दिसू नये म्हणून, की थंडी वाजत होती म्हणून, ते मी आता ठरवणार नाही. माझं ठरवणं काय असतं ते बघितलंय.

"येतो," मी म्हणालो.

"दार नीट ओढ," ती म्हणाली. "नुसतं लोटलं तर वाऱ्याने उघडतं."

बूट चढवले, कोट घेतला, बाहेर आलो. दार ओढलं. टक् असा आवाज झाला.